पाव, प्रायश्चित्त आणि पुणे

शहराचा इतिहास लिहिणारे वाडे मोजतात, देवळे मोजतात, दरवाजांची आणि पेठांची नावे नोंदवतात. भट्ट्या मात्र कोणी मोजीत नाही. पण माणसे कोणाच्या हातचे खातात आणि कोणाच्या हातचे खात नाहीत, हा प्रश्न ज्या समाजात शतकानुशतके धर्माचा होऊन बसला होता, त्या समाजात बेकरीचा इतिहास हा नुसता जिभेचा इतिहास उरत नाही. पुण्यासारख्या शहरात तर नाहीच नाही. आज लष्करातल्या एखाद्या प्रसिद्ध बेकरीपुढे सदाशिव पेठेतले गृहस्थ हातात पिशवी धरून निमूटपणे रांगेत उभे असतात. त्यांच्या पणजोबांच्या काळी हाच पदार्थ तोंडात घातल्याबद्दल भल्याभल्यांना प्रायश्चित्ताची पाळी आली होती. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते कसे कापले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ शब्दापासूनच करावा. ‘पाव’ हा शब्द पायांनी पीठ तुडवतात म्हणून पडला, असे आपल्याकडे अनेक जण सांगत आले आहेत. एका वडीचे चार भाग म्हणून पाव, अशीही व्युत्पत्ती कोणी सांगतात. दोन्ही खोट्या आहेत. पोर्तुगीज भाषेत भाकरीला ‘पांव’ म्हणतात, त्यावरून आपला पाव आला. सोळाव्या शतकात गोव्यात आणि पुढे वसई-साष्टीकडे पोर्तुगीजांचा अंमल बसला, तेव्हा त्यांना भाताच्या मुलखात गव्हाच्या भाकरीची चणचण भासली. गहू बाहेरून आणता येई, पण पीठ फुगवायला खमीर कोठून आणायचे? ती अडचण माडाने भागवली. ताडीमाडी घालून पीठ आंबवण्याची युक्ती गोव्यात रुळली, आणि पाव भाजणारा ‘पोदेर’ तिथल्या गावगाड्याचाच एक भाग होऊन गेला. मुंबई वाढू लागली तसे गोव्याचे ख्रिस्ती भट्टीवाले तिकडे गेले आणि पाव मुंबईकरांच्या ओळखीचा झाला.

ओळखीचा झाला, पण आपला झाला नाही. याचे कारण आपल्या सोवळ्याच्या शास्त्रात आहे. तुपातले, तळलेले चालते. पाण्यात भिजवून शिजवलेले लगेच विटाळते. म्हणून तर प्रवासाला निघताना पीठ दुधात भिजवून दशम्या करीत. या शास्त्राच्या तराजूत पाव घालून पाहा. पीठ पाण्यात मळलेले, तेही परधर्मीयाच्या हातचे. आंबवलेले, आणि आंबवायला मद्याचा अंश. शिवाय आदल्या रात्री भाजलेले, म्हणजे शिळे. दोष शोधायला गेले तर एकही कमी पडत नाही. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि नकळत ते पाणी प्यालेले सारे गाव बाटले, ही कथा कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती जशीच्या तशी घडली की नाही, यापेक्षा ती लोकांना खरी वाटत होती, हे अधिक महत्त्वाचे आहे. बाटण्यासाठी मांस लागत नव्हते, पावाचा तुकडा पुरत होता.

आणि नेमके म्हणूनच, ज्यांना जातिभेद मोडायचा होता त्यांनीही हाच तुकडा उचलला. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘परमहंस सभा’ काढली. ही गुप्त मंडळी होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने ख्रिस्ती भट्टीवाल्याचा पाव सर्वांसमक्ष खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, अशी तिथली दीक्षा होती. दार लावून, आवाज न करता पाव खाणारी ही सुशिक्षित मंडळी आज आपल्याला थोडी विनोदी वाटतील. परंतु त्यांच्या दृष्टीने तो घास म्हणजे घर, सोयरीक आणि अंत्यविधीला येणारे चार खांदे या सर्वांवर पाणी सोडण्याची तयारी होती. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा विस्कटली. गुप्तपणे खाल्लेला पाव उघडपणे पचवण्याची ताकद त्या पिढीत नव्हती.

आता पुण्याकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी बसली. पुणेकरांनी तिला सरळ ‘लष्कर’ असे नाव दिले आणि आजही ते चालू आहे. गोऱ्या पलटणींना पाव हे रोजचे अन्न. तेव्हा भट्ट्या आल्या, गोव्याचे ख्रिस्ती आले, पारशी दुकानदार आले. शहर आणि लष्कर यांत अंतर फार तर कोस-दीड कोसाचे, पण स्वयंपाकघराच्या हिशेबाने ती दोन वेगळी राज्ये होती.

या दोन राज्यांची गाठ पडली ती गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये. १८९० च्या ऑक्टोबरात तिथे एक व्याख्यान झाले आणि नंतर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातले इतर नामवंत होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती घेऊन खाली ठेवला. एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण आनंदीबाई जोश्यांचे पती गोपाळराव जोशी हे विलक्षण गृहस्थ होते. सुधारकांचे बोलणे आणि वागणे यांतले अंतर चव्हाट्यावर आणण्याची त्यांना हौस होती. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावभर वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, तरी त्यांच्या घरच्या कार्याला भिक्षुक मिळणे अवघड झाले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते मुख्यतः आपल्यामुळे मित्रांच्या घरी होणारी कुचंबणा थांबावी म्हणून. त्या दिवसांतली मनाची तगमग रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ घातलेला विद्वान आणि पुढे लोकमान्य म्हणून गाजलेला पुढारी या दोघांनाही जे पेलले नाही, ते पुढच्या साठ-सत्तर वर्षांत कोणी घडवून आणले? सभांनी नव्हे, ठरावांनीही नव्हे. ते हळूहळू, मागल्या दाराने घडले.

पहिले दार आजारपणाचे. डॉक्टरांनी तापकऱ्याला हलके अन्न म्हणून चहा-पाव सांगितला, आणि औषधाला सोवळे-ओवळे नसते हे तत्त्व आपल्याकडे आधीपासून होतेच. घरोघर पाव प्रथम आला तो असा, उशाशी. दुसरे दार तडजोडीचे. माल परका नको, तर मालक आपला घ्या. १८९८ साली दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ या नावाचाच कारखाना निघाला. त्याच सुमारास बंगळुरात अय्यंगार ब्राह्मणांनी बेकरी घातली. ‘अय्यंगार बेकरी’ ही पाटी आज पुण्याच्या उपनगरांत जागोजाग दिसते, तिचे मूळ तिथे आहे. जो धंदा धर्म बुडवतो असे म्हणत, तोच धंदा कर्मठ वैष्णवांच्या नावावर चालावा, याहून काळाचा विनोद तो कोणता!

तिसरे दार नानकटाईचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. आमच्या बायकांनी मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, भट्टीवाल्याने समोर मळून पत्र्यांवर थापून भाजून द्यायची, आणि डबे भरून घरी आणायचे, ही पद्धत महाराष्ट्रातल्या शहरांत वर्षानुवर्षे चालली. तूप घरचे, साखर घरची; परका तो फक्त विस्तव. विस्तवाला विटाळ नाही, असे मनाचे समाधान करून कित्येक घरांतल्या आज्या भट्टीच्या उंबऱ्याशी गेल्या. एकदा उंबरा दिसला की आत काय चालते तेही दिसते. पीठ मळणारी माणसे आपल्यासारखीच घामाने निथळतात, हे तिथे कळते.

त्यानंतर इराणी आले. इराणातल्या यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी जे जरथुष्ट्री मुंबई-पुण्यात आले, त्यांनी चहा आणि भट्टी हे दोन धंदे धरले. इतर इराणीही त्यांत पडले. १९३५ साली डेक्कन जिमखान्यावर ‘गुडलक’ निघाले. फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी वर्गातून बाहेर पडून संगमरवरी टेबलाशी बन-मस्का खाऊ लागला, आणि कोणी यादी छापली नाही. छापली असती तर अर्धे कॉलेज तीत आले असते.

१९५५ साली लष्करात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी सुरू झाली. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांचे नाव इंग्लंडातल्या एका गावाचे, करणारे हात इराणी, लोणी इथले आणि कीर्ती पुण्याची. परगावी जाणाऱ्याने चितळ्यांची बाकरवडी आणि कयानीची श्रूजबेरी नेली नाही, तर तो पुण्याहून आला यावर लोक विश्वास ठेवीत नाहीत. दुपारी दुकान बंद ठेवण्याची तिची रीतही अस्सल पुणेरी. इराण्याने पुण्याला बिस्किट दिले आणि पुण्याने इराण्याला वामकुक्षी दिली, असे म्हणायला हरकत नाही.

याच काळात आणखी एक मोठे कारण काम करीत होते. महाराष्ट्र हा ज्वारी-बाजरी-भाताचा प्रदेश. १९५६ मध्ये अमेरिकेशी ‘पी. एल. ४८०’ खाली धान्याचा करार झाला आणि परदेशी गहू जहाजांनी येऊ लागला. १९६५ मध्ये सरकारने स्वतःच ‘मॉडर्न बेकरीज’ काढली. पुढे २००० साली ती विकूनही टाकली. सरकार ज्या वस्तूचा कारखाना काढते, ती वस्तू निषिद्ध कशी म्हणायची? वडापाव आला, मिसळ आली. पुण्याने मात्र मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस मांडण्याचा आपला हेका जुन्या ठिकाणी अजून सोडलेला नाही. नारायण पेठेत, बालेकिल्ल्यात म्हणा ना, रश्श्यात बुडवलेल्या त्या स्लाइसकडे पाहिले की पंचहौदाची आठवण येते.

ज्याला पुण्याच्या बेकऱ्या पाहायच्या असतील त्याने केवळ नावांची यादी घेऊन निघू नये. लष्करात कयानी आहे, महात्मा गांधी रस्त्यावर रॉयल आहे. आपटे रस्त्यावर ‘संतोष’पुढे पॅटिससाठी होणारी गर्दी आहे. या सर्व ठिकाणी जावेच. पण पहाटे एखाद्या जुन्या विटांच्या भट्टीपाशीही उभे राहावे. लाकडे जाळून विटा तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि साठलेल्या धगीवर माल भाजायचा, ही तिची रीत. धग कडक असते तेव्हा पाव, जरा उतरली की बन, मग बिस्किटे आणि नानकटाई, आणि अखेरच्या मंद उबेत टोस्ट वाळतात. विस्तवाचा एक कणही वाया जात नाही. ही विद्या आता सरत चालली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणापायी मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत इंधन बदलण्यास सांगितले. हवा शुद्ध राहिलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण जुन्या भट्टीबरोबर काय जाते आहे, हे कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे.

आणि एक बेकरी अशी आहे की जिच्यापुढे क्षणभर थांबावे. कोरेगाव पार्कमधली ‘जर्मन बेकरी’ तिथल्या आश्रमात येणाऱ्या परदेशी लोकांमुळे नावारूपाला आली. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी तिथे बाँबस्फोट झाला आणि सतरा माणसे मेली. निरनिराळ्या देशांची, धर्मांची, बहुतेक तरुण माणसे एका जागी बसून खात-पीत होती, म्हणून ती जागा निवडली गेली. १८९० साली एका पंगतीला बसणाऱ्यांची नावे छापण्यात आली. २०१० साली एका टेबलाशी बसणाऱ्यांचे प्राण घेण्यात आले. दोन्हींची तुलना करता येणार नाही, कारण एकात शाई होती आणि दुसऱ्यात दारूगोळा. परंतु माणसांनी एकत्र बसून खावे याची कोणाला तरी भीती वाटते, एवढा धागा दोन्हींत आहेच. २०१३ मध्ये ती बेकरी पुन्हा उघडली आणि लोक पुन्हा येऊन बसले.

तेव्हा पुण्याने पाव पचवला, असे म्हणताना थोडे सावध राहिलेले बरे. पदार्थ आपण घेतला, पण पदार्थ करणाराला आपल्या पानावर किती वेळा बोलावले? गोव्याचा ख्रिस्ती, इराणी, भट्टीवर राबणारा मुसलमान कारागीर, यांच्या हातचे आपण रोज खातो आणि त्यांच्या घरी कधी जात नाही. परमहंस सभेच्या त्या भित्र्या मंडळींनी पाव खाल्ला तो भुकेसाठी नव्हे. तो भाजणाऱ्या माणसाशी नाते जोडता यावे म्हणून. आपण रांगेत उभे राहून बिस्किटे मिळवली. त्यांचा तो उद्देश मात्र अजून काउंटरच्या पलीकडेच राहिला आहे.