हिमातील फूल आणि चित्रावरील तारीख

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात एप्रिल महिन्याचा भरवसा कोणी धरीत नाही. दुपारी कोवळे ऊन पडते, माणसे जाड कोट घरी ठेवून बाहेर पडतात. रात्री वाऱ्याची दिशा फिरते आणि सकाळी दार उघडावे तो अंगणभर हिम. ३१ मार्च आणि १ एप्रिल १९९७ या दोन दिवसांत एकट्या बोस्टन शहरावर पंचवीस इंचांहून अधिक हिम साचले होते. अशा हिमवर्षावानंतरच्या सकाळी तिकडचे हौशी छायाचित्रकार घाईघाईने बाहेर पडतात. आदल्या दिवशी उमललेली फुले हिमातून माना वर काढून उभी असतात आणि ऊन चढण्यापूर्वी त्यांचे चित्र घ्यावयाचे असते. दहा वाजेपर्यंत हिम पाणी होऊन जाते.

हे चित्र सर्वांना आवडते. कोवळी पाकळी आणि कठोर हिम यांची गाठ पाहून मन हळवे होते. परंतु चित्रामागे तारीख लिहिली असेल तर ते चित्र एक निराळाच प्रश्न विचारू लागते : हिम उशिरा आले, की फूल लवकर आले? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता एका लहानशा गावाची दीडशे वर्षांची हकीकत उलगडली.

ते गाव म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकर्ड. बोस्टनपासून ते फार दूर नाही. आपल्याकडे ते हेन्री डेव्हिड थोरोचे गाव म्हणून ठाऊक आहे. ज्याचा सविनय कायदेभंगावरील निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला, तोच हा थोरो. वॉल्डन तळ्याकाठी त्याने झोपडी बांधली आणि १८५४ साली त्या वास्तव्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या तळ्याचे बर्फ हिवाळ्यात करवतीने कापून विकण्यासाठी नेत असत. न्यू इंग्लंडचे बर्फ त्या काळी जहाजांतून कलकत्त्याला आणि मुंबईलाही येई, आणि थोरोने आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख करताना मुंबईचे नाव आवर्जून घेतले आहे. आपल्या तळ्याचे पाणी एवढ्या दूरच्या लोकांच्या पेल्यात जाते याची त्याला मोठी मौज वाटली होती.

थोरोचा आणखी एक उद्योग मात्र त्याच्या हयातीत फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. १८५२ ते १८५८ या काळात तो दर वसंतात गावच्या रानांतून आणि दलदलींतून हिंडे आणि कोणते फूल कोणत्या दिवशी प्रथम उमलले ते टिपून ठेवी. पाचशेहून अधिक जातींच्या तारखा त्याने जमविल्या आणि मोठ्या कागदांवर रकाने आखून मांडल्या. त्यातून त्याला काय सिद्ध करावयाचे होते ते त्याने सांगितले नाही. १८६२ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला आणि ते कागद तसेच राहिले.

त्याच्या मागून हे काम उचलले ते आल्फ्रेड विन्स्लो हॉस्मर नावाच्या एका कापडदुकानदाराने. हॉस्मर हा थोरोचा निस्सीम भक्त. दुकान सांभाळून तो रानात जाई, थोरोने वर्णिलेल्या जागांची छायाचित्रे घेई आणि फुलांच्या तारखा लिही. १८७८ साली आणि पुढे १८८८ पासून १९०२ पर्यंत दर वर्षी त्याने सातशेच्या वर जातींच्या नोंदी ठेवल्या. पुढच्याच वर्षी तो वारला. विशेष असे की, थोरोचे इंग्रज चरित्रकार हेन्री सॉल्ट यांच्याशी या दुकानदाराचा पत्रव्यवहार होता आणि याच सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक विद्यार्थी असलेल्या गांधीजींनी लंडनमध्ये वाचले होते. थोर माणसांच्या चरित्रांत अशा दुकानदारांची नावे तळटिपेतच यावयाची. हॉस्मरच्या बाबतीत तो अन्याय जरा अधिकच झाला आहे.

तिसरा गृहस्थ हर्बर्ट वेंडेल ग्लीसन. हा मुळात धर्मोपदेशक. प्रकृती साथ देईना म्हणून १८९९ साली त्याने ते काम सोडले आणि कॅमेरा हाती घेतला. थोरोची रोजनिशी काखोटीस मारून तो काँकर्डच्या वाटा तुडवू लागला. १९०६ साली थोरोचे समग्र लेखन वीस खंडांत निघाले त्यात ग्लीसनची चित्रे आहेत आणि गावाचा नकाशाही त्यानेच तयार केला आहे. त्याची पत्नी लुलू काचेवरील चित्रे हाताने रंगवी आणि पती ती पडद्यावर टाकून व्याख्याने देई. महत्त्वाची गोष्ट ही की, चित्र कोठे आणि कोणत्या दिवशी घेतले हे लिहून ठेवण्याची त्याला सवय होती.

त्या काळी फुलाचे चित्र घेणे, आणि तेही हिमाच्या सान्निध्यात, हे किती जिकिरीचे काम होते याची आज कल्पना येणार नाही. निगेटिव्ह म्हणजे रसायनाचा लेप दिलेली काच. साध्या काचेवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम तत्काळ होई, पिवळ्याचा अगदी थोडा आणि तांबड्याचा जवळजवळ नाहीच. हिम हे आकाशाचा निळा प्रकाश परत फेकणारे. ते काचेवर भडक उमटे, आणि त्यातून वर आलेले पिवळेधमक फूल चित्रात चक्क काळे पडे! १८८० नंतरच्या काही वर्षांत हिरव्या-पिवळ्या रंगांस जाणणाऱ्या काचा निघाल्या. त्यांच्याबरोबर भिंगापुढे पिवळी काच लावली की रंगांचे प्रमाण पुष्कळसे सुधारे. परंतु ती काच प्रकाश अडवी, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा अधिक वेळ उघडा ठेवावा लागे. तेवढ्या वेळात वाऱ्याची एक झुळूक आली की फुलाच्या जागी धुराचा लोट. शिवाय हिमाचा झगझगाट काचेच्या पाठीवरून उलटून चित्राभोवती धूसर वलय उठवी. ते टाळण्यासाठी काचेच्या पाठीस काळा लेप द्यावा लागे. हिम नीट यावे म्हणून प्रकाश कमी घ्यावा तर फूल अंधारात जाते, फुलासाठी अधिक घ्यावा तर हिम कोऱ्या कागदासारखे सपाट होते. हा शेवटचा पेच आजच्या कॅमेऱ्यालाही सुटलेला नाही. यंत्राचा मापक हिमाला राखाडी करू पाहतो आणि छायाचित्रकाराला त्याचे न ऐकता प्रकाश वाढवावा लागतो.

हिमात सापडलेले फूल मरते असा एक समज आहे; तो अर्धाच खरा. ताजे, भुसभुशीत हिम हे पांघरुणासारखे असते. त्याखालील रोप शून्य अंशाच्या आसपास राहते, मग वर कितीही कडाका असो. खरा घात होतो तो हिमवर्षावानंतरच्या निरभ्र, निवांत रात्री, उघड्या पडलेल्या कळीचा. काही वनस्पतींनी तर हिमाला तोंड देण्याची स्वतंत्र सोय केली आहे. काँकर्डच्या दलदलीत स्कंक कॅबेज नावाची एक झाडोऱ्याची जात आहे, आपल्या अळू-सुरणाच्या कुळातली. तिचा फुलोरा स्वतःच उष्णता निर्माण करतो. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तो भोवतालच्या हवेहून पंधरा ते पस्तीस अंश सेल्सियसने अधिक उबदार आढळला, आणि ही ऊब दोन आठवड्यांवर टिकली. साहजिकच त्याच्याभोवतीचे हिम वितळून वाटोळे अळे पडते आणि मधोमध तांबूस-जांभळा फुलोरा उभा असतो. छायाचित्रकारांचा हा जुना आवडता विषय. वास मात्र नावाप्रमाणेच. चित्रात तो येत नाही हे बरे.

आता पुन्हा त्या तारखांकडे. २००३ च्या सुमारास बोस्टन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे विद्यार्थी अब्राहम मिलर-रशिंग यांनी थोरो आणि हॉस्मर यांचे कागद बाहेर काढले आणि स्वतः त्याच रानांत हिंडून नव्या तारखा मिळविल्या. २००८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : काँकर्डची फुले थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस लवकर उमलतात. तेथील हवामान दरम्यान २.४ अंशांनी उष्ण झाले होते; त्यातील काही वाटा बोस्टनच्या वाढत्या वस्तीचा, उरलेला जगभरच्या तापमानवाढीचा. वॉल्डन तळ्याचे बर्फही आता सुमारे दोन आठवडे आधी फुटते. पुढे २०१० आणि २०१२ हे वसंत इतके उबदार गेले की दीडशे वर्षांच्या नोंदींत फुले एवढ्या लवकर कधीच आली नव्हती.

छायाचित्रांची साक्षही काढण्यात आली. जुन्या, तारीख घातलेल्या चित्रांत जी झाडे फुलांवर आहेत तीच झाडे २००५ साली केव्हा फुलली, हे ताडून पाहता वाळवून ठेवलेल्या नमुन्यांवरून जे दिसे तेच चित्रांतूनही दिसले. त्यांत लोवेल गावच्या दफनभूमीचे एक चित्र आहे. तारीख ३० मे १८६८, यादवी युद्धातील मृतांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा पहिला दिवस. चित्रात माणसे उभी आहेत आणि मागची झाडे निष्पर्ण आहेत. २००५ साली त्याच तारखेस त्याच जागी घेतलेल्या चित्रात पानांची दाट छाया आहे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की काळजात चर्र होते. तथापि केवळ या जोडीवर भिस्त ठेवू नये. एखादा वसंत थंडच जातो आणि एक चित्र म्हणजे एकच वर्ष. थोरो, हॉस्मर आणि ग्लीसन यांची किंमत त्यांच्या चिकाटीत आहे, एखाद्या भाग्यवान चित्रात नाही.

लवकर फुलण्यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. थंडीच्या कडाक्याने गांजलेल्या मुलखाला वसंत आठ दिवस आधी आला तर आनंदच व्हावा. पण उशिराचे हिम आणि गोठवणाऱ्या रात्री त्याच प्रमाणात मागे हटतील याची हमी नाही. कळी आधी उघडली की तिचा नि थंडीचा सामना होण्याचा संभव वाढतो. दुसरी अडचण सावलीची. रानातली लहान फुले वर्षाचे बहुतेक अन्न झाडांना पाने फुटण्यापूर्वीच्या उन्हात मिळवितात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोरोच्याच नोंदींवरून असे आढळले की झाडांची पालवी सुमारे दोन आठवड्यांनी अलीकडे आली आहे आणि जमिनीलगतची रोपे सुमारे एकाच. तेवढी उन्हाची खिडकी लहान झाली. ज्या जातींना ऋतूबरोबर पाऊल टाकता आले नाही त्यांची अवस्था अधिक वाईट आहे. थोरोने पाहिलेल्या जातींपैकी सत्तावीस टक्के काँकर्डमधून नाहीशा झाल्या आणि आणखी छत्तीस टक्के इतक्या विरळ उरल्या आहेत की त्या केव्हा जातील सांगता येत नाही. लिली आणि ऑर्किड ही त्यांतली देखणी घराणी.

ग्लीसनच्या काचांच्या निगेटिव्ह आज हजारोंच्या संख्येने काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. कित्येक फुलांचा पत्ता आता त्या काचांवरच लागतो. आणि एप्रिलमध्ये हिम पडले की त्या गावचे लोक अजूनही सकाळी कॅमेरा घेऊन निघतात, गुडघे ओले करून जमिनीलगत बसतात आणि वारा पडण्याची वाट पाहतात. तारीख आता कॅमेरा आपणहून टिपतो.