रूट कॅनालमधली औषधे आणि दाताचे आयुष्य

गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या झाईतला एखादा मच्छीमार पावसाळी मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलैच्या दरम्यान, दाढदुखीने बेजार होऊन डहाणूला दातांच्या डॉक्टरांकडे गेला असे समजू. डॉक्टर नस काढतात, रूट कॅनाल धुतात, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून वर तात्पुरते सिमेंट लावतात आणि पुढची तारीख देतात. ठणका थांबतो. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जातात, तारीख राहून जाते. औषध मात्र दातातच असते. ते तिथे काय करत असते, हा रूट कॅनालमधल्या औषधांच्या अभ्यासाचा प्रश्न.

सुरुवात डेंटिनपासून, म्हणजे दाताच्या मुख्य घटकापासून, करावी. वजनाने त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य (मुख्यतः कोलॅजन) आणि बाकी पाणी. काढून टाकलेला दात काही आठवडे ईडीटीएच्या द्रावणात ठेवा. खनिज निघून जाते आणि मूळ चक्क बोटांनी वाकवता येते. दुसरा दात तीव्र सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ठेवा. कोलॅजन जाते आणि उरतो तो खडूसारखा ठिसूळ. कठीणपणा कशाचा आणि चिवटपणा कशाचा, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर कळते.

दवाखान्यात वापरतात तीही हीच दोन द्रावणे, फक्त मिनिटांच्या हिशेबाने. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिनने ०.५ टक्के हायपोक्लोराइटने जखमा धुतल्या. रूट कॅनालमध्ये आज ते ५.२५ टक्क्यांपर्यंत वापरतात. ते जिवाणू मारते, मेलेली नस विरघळवते, पण डेंटिनची ताकदही घटवते. कॅनाल घासताना त्याच्या भिंतीवर बसलेला थर काढायला १७ टक्के ईडीटीए लागते. १९५७ साली निगार्ड-ओस्टबी यांनी ते या उपचारात आणले. एक मिनिट पुरते. दहा मिनिटे ठेवले तर डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांची तोंडे झिजून रुंदावतात.

माझ्या मते, टक्केवारीवर जितकी चर्चा झाली तितकी वेळेवर झाली नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या बाबतीत तर वेळच निर्णायक. आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मेंढ्यांच्या अपक्व दातांवर केलेल्या प्रयोगांवरून, हे औषध भरलेल्या अशा दाताची ताकद वर्षभरात जवळपास निम्मी होईल असा अंदाज मांडला. मेंढीचा कोवळा दात म्हणजे प्रौढ माणसाची दाढ नव्हे, ही सावधगिरी हवीच. तरी पाच आठवडे ओलांडल्यावर बहुतेक प्रयोगांत दात कमकुवत झालेला दिसतो. महिन्याच्या आतले निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून कोणताही शोधनिबंध हाती घेतलात की आधी पाहा: द्रावण किती टक्के, किती वेळ, आणि दात कोणाचा. आणि किनाऱ्यावर दवाखाना चालवत असाल, तर पुढची तारीख बोटींचे वेळापत्रक विचारून द्या. बंदीत उघडलेला दात ३१ जुलैच्या आत कायमचा भरून बंद करा.