काळी, पांढरी अन् किल्लारी

जुन्या माणसांनी शिवाराचे दोन भाग केले होते. पिकाची जमीन ती काळी, गावठाण ती पांढरी. काळीवर घर बांधत नव्हते, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते अन् भिंत तडकते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगड-मातीच्या भिंती अन् वरचं जड माळवद, त्याखालीच माणसं गेली, हे खरंच. नंतर लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवली. रस्ते रुंद, प्लॉट सरळ रेषेत. पण गावं पसरली ती शेतजमिनीवर. बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा?

परवा आमच्याकडं, नांदेड जिल्ह्यात, गावच्या आराखड्याची बैठक झाली. नकाशात गट नंबर होते, ओढा नव्हता. मी विचारलं, "साहेब, यात काळी कुठाय अन् पांढरी कुठाय?"