नाळीची भाजी आणि कर्जत-खालापूरचे पाणी

तळी, डबकी, ओढ्यांची संथ वळणे आणि भातखाचरांच्या पाणथळ कडा येथे आपोआप पसरणारी नाळीची भाजी ही रताळ्याच्या कुळातील वेल असून तिचे शास्त्रीय नाव आयपोमिया ॲक्वाटिका असे आहे. तिचे देठ आतून पोकळ असल्यामुळे ती पाण्यावर तरंगते, प्रत्येक पेराशी मुळे फुटत असल्याने तुटलेला तुकडाही नवी वेल होतो, आणि बाणाच्या टोकासारख्या पानांमधून फिकट जांभळी, नरसाळ्याच्या आकाराची फुले येतात. सोळाव्या शतकात भावमिश्राने रचलेल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाच्या शाकवर्गात ती ‘कलम्बी’ या नावाने येते व तेथे ती बाळंतिणीचे दूध वाढवणारी मानली आहे.

कर्जत-खालापूर भागातील जमाबंदीने जमिनीचे भातजमीन, वरकस आणि बागायत असे वर्ग पाडले, परंतु तळ्यातील भाजीवर सारा बसत नसल्याने ती कोणत्याच वर्गात आली नाही. कणगीतले भात सरत आलेले आणि नवे पीक अद्याप हिरवे असते त्या आषाढ-श्रावणात अशा रानभाज्यांनीच ठाकर व कातकरी कुटुंबांची चूल चालत आली आहे. तरीही ज्या अन्नावर कर नाही त्याची दप्तरात नोंद नाही, ही या प्रदेशाच्या लिखित इतिहासातील मोठी उणीव होय.

विसाव्या शतकात येथील पाणीच बदलले. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली आणि भिवपुरीचे 1922 साली सुरू झाले, घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी वीज निर्माण करून खाली पाताळगंगेत व उल्हासच्या खोऱ्यात येऊ लागले, आणि पावसाळ्यानंतर आटणाऱ्या या नद्या बारमाही झाल्या. भिवपुरीच्या याच पाण्यावर राजनाला कालव्याखाली कर्जत तालुक्यात उन्हाळी भात उभे राहिले; आणि जेथे बारमाही ओल टिकते तेथे नाळीसारख्या वेलीलाही वर्षभर जागा मिळते.

या भाजीकडे विज्ञानाचे लक्ष गेले ते तिच्यातील प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांमुळे. शरीरात ऑक्सिजनचा वापर होत असताना ‘मुक्त मूलके’, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकाकी राहिलेले अस्थिर रेणू, तयार होतात व ते पेशींची आवरणे आणि प्रथिने बिघडवतात. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य त्यांना आपल्याकडचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करते. नाळीच्या पानांत ल्युटीन व बीटा-कॅरोटीन ही रंगद्रव्ये, क जीवनसत्त्व आणि फ्लॅव्होनॉइड वर्गातील संयुगे असतात. म्हैसूरच्या संशोधकांनी 2005 साली तिच्यातून डायहायड्रोक्वेर्सेटिनला ग्लुकोजचे दोन रेणू जोडलेले असे एक संयुग वेगळे केले, जे मुक्त मूलके निष्प्रभ करते असे प्रयोगशाळेत दिसले. अर्थात परीक्षानळीतील यश म्हणजे जेवणाऱ्याच्या देहातील यश नव्हे, हे जाहिरातींच्या काळात बजावून सांगावे लागते. शिजवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, उलट लसणाच्या फोडणीतील तेलामुळे कॅरोटीन अंगी लागणे सुलभ होते. म्हणजे घरोघरची परतण्याची रीत शास्त्राला अगदीच सोडून नाही.

मात्र जी मुळे पेरापेरांतून पाणी शोषतात तीच शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातूही शोषून पानांत साठवतात, आणि धातू शिजवल्याने जात नाहीत. खोपोली-रसायनी पट्ट्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने वाढले, तेव्हापासून एकाच तालुक्यातील डोंगराच्या झऱ्यावरची नाळ आणि कारखान्यांच्या सांडपाण्याच्या ओढ्यावरची नाळ या अन्न म्हणून दोन निराळ्या वस्तू झाल्या. तिच्या औषधी गुणांची वाखाणणी करणाऱ्या लेखांत हा भेद सहसा येत नाही. बाजारात जुडी घेताना ती कोणत्या तळ्यातली, हे विकणारीला आधी विचारावे आणि भाजी कधीही कच्ची खाऊ नये.