रानफळे, सह्याद्रीतील : रासायनिक विश्लेषण व प्रतिऑक्सिडीकारक गुणधर्म

मनुष्याने मशागत न करता वनात, माळावर, शेताच्या बांधावर अथवा गावठाणाच्या कडेस आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींची जी फळे परंपरेने खाण्यात येतात, त्यांना रानफळे आणि समुदायाने रानमेवा म्हणतात. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर व कोकणपट्टीत आढळणारी करवंद, जांभूळ, कोकम, आवळा, तोरण, बोर, अळू, आंबगुळ, भोकर, उंबर ही त्यांपैकी ठळक होत. या फळांतील पाणी, शर्करा, अम्ले, खनिजे, जीवनसत्त्वे व फिनॉलिक द्रव्ये यांची मोजदाद करणे हा त्यांच्या रासायनिक विश्लेषणाचा, आणि ऑक्सिडीभवनास आळा घालण्याची त्यांच्या अर्कांची क्षमता ठरविणे हा प्रतिऑक्सिडीकारक परीक्षणाचा विषय होय. या दोन्ही प्रकारच्या परीक्षणांतून निघणारे आकडे फळाच्या जातीवर जितके अवलंबून असतात, तितकेच ते ज्या रीतीने काढले त्या रीतीवरही असतात; ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचा यथायोग्य अर्थ लागत नाही.

जाती, हंगाम व आहारातील स्थान : करवंदे, तोरणे व रातांबे (कोकमाची पिकलेली फळे) उन्हाळ्यात, जांभळे पावसाच्या तोंडावर, तर आवळे व बोरे हिवाळ्यात मिळतात. कातकरी, ठाकर, महादेव कोळी इ. जमातींच्या व डोंगरकपारीतील शेतकरी कुटुंबांच्या आहारात या फळांचे स्थान केवळ तोंडी लावण्यापुरते नाही. कणगीतले धान्य सरत आले आणि नवे पीक अद्याप दूर आहे, अशा उन्हाळ्याच्या अखेरच्या काळात ताज्या फळाचा जो काही अंश मुलांच्या पोटात जातो तो बव्हंशी रानातूनच येतो. आणि पानांच्या द्रोणांत करवंदे-जांभळे भरून एस. टी. स्थानकावर किंवा घाटरस्त्याच्या कडेला विकणाऱ्या स्त्रियांना हंगामात चार पैशांची रोकडही त्यांतूनच मिळते. या फळांच्या रसायनाचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो तो प्रथमतः या कारणाने.

अभ्यासाचा इतिहास : फळांच्या गुणदोषांचा पद्धतशीर विचार भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात फलवर्ग हा स्वतंत्र वर्ग येतो व त्यात फळांचे रस, वीर्य व दोषांवरील परिणाम सांगितले आहेत. आधुनिक अर्थाने भारतीय अन्नपदार्थांच्या पृथक्करणाला चालना मिळाली ती रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली दक्षिण भारतातील कुन्नूर येथे सुरू केलेल्या संशोधनकार्यातून. तेथील संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्धी पावली. १९७१ साली सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची जी कोष्टके सिद्ध केली, त्यांत आवळा, जांभूळ, करवंद इत्यादींचे आकडे दाखल झाले. दरम्यान मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली पहिला स्थिर सेंद्रिय मुक्त मूलक (जोडीविना इलेक्ट्रॉन उरलेला रेणू) दाखविला होता, आणि १९५६ साली डेन्हॅम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध शरीरातील मुक्त मूलकांशी जोडणारा सिद्धांत मांडला होता. या सिद्धांतामुळे फळांतील रंगद्रव्ये व तुरट द्रव्ये, ज्यांना पोषणशास्त्रात तोवर गौण स्थान होते, मूलक शमविणारी द्रव्ये म्हणून संशोधनाच्या केंद्रस्थानी आली.

नमुना : विश्लेषणाची विश्वसनीयता प्रयोगशाळेत नव्हे, तर झाडाखालीच ठरू लागते. जातीची वनस्पतिशास्त्रीय ओळख पटविणे, स्थळ, तारीख व फळाची पक्वता नोंदविणे, एकाच झाडाऐवजी अनेक झाडांची फळे एकत्र करणे आणि साल, गर व बी यांचे पृथक्करण स्वतंत्रपणे करणे, ही नमुना घेण्याची आवश्यक पथ्ये होत. कच्च्या हिरव्या करवंदात चीक व अम्लता प्रबळ असते, तर तेच करवंद काळे पडेतो त्यात शर्करा व रंगद्रव्ये वाढलेली असतात. म्हणून पक्वतेची नोंद नसलेला आकडा नेमका कोणत्या फळाचा, हे सांगता येत नाही. उष्णतेने क जीवनसत्त्व व रंगद्रव्ये नाश पावत असल्यामुळे नमुना गोठवून निर्वातात वाळविणे अधिक श्रेयस्कर ठरते.

सामान्य विश्लेषण : नमुना सुमारे १०५° से. तापमानास वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पाण्याचे, आणि सुमारे ५५०° से. तापमानास भट्टीत जाळून राखेचे म्हणजे एकूण खनिजांचे प्रमाण काढतात. डॅनिश रसायनज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली सुचविलेल्या रीतीने नायट्रोजन मोजून व त्यास ६.२५ ने गुणून प्रथिनांचा अदमास घेतात. मेद सॉक्सलेट उपकरणात विद्रावकाने निष्कर्षून मोजतात. आणि या सर्वांची बेरीज शंभरातून वजा करून कार्बोहायड्रेटांचा आकडा मिळवितात, त्यामुळे आधीच्या प्रत्येक मोजणीतील चूक अखेर या आकड्यात येऊन साठते. लोह, कॅल्शियम, जस्त इ. मूलद्रव्ये आणवीय शोषण वर्णपटमापनाने ठरवितात.

येथे एक विवेक अत्यावश्यक आहे. ज्या ताज्या फळात शेकडा ९० भाग पाणी असते, त्याच्या घटकांचे प्रमाण शुष्क वजनावर मांडले असता ते ताज्या वजनावरील आकड्याच्या दसपट दिसते. करवंदातील लोहाचे जे मोठाले आकडे लोकप्रिय लेखनातून वारंवार दिले जातात ते वाळलेल्या फळाचे असून, ताज्या फळाचे म्हणून ते वाचणाऱ्याचा साहजिकच गैरसमज होतो.

प्रतिऑक्सिडीकारक क्रिया : ज्या रेणूत वा अणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो तो मुक्त मूलक होय. श्वसनादी क्रियांत शरीरात असे मूलक सतत उत्पन्न होत असतात आणि मेद, प्रथिने व जनुकद्रव्य यांच्याशी विक्रिया करून ते त्यांची हानी करू शकतात. फिनॉलिक द्रव्य आपला हायड्रोजन अणू मूलकास देऊन त्याची विक्रियाशीलता संपविते. आणि तसे करताना ते स्वतः मूलक बनत असले, तरी उरलेला इलेक्ट्रॉन बेंझिन वलयावर पसरल्यामुळे हा नवा मूलक बराच मंद असतो व विक्रियांची साखळी तेथे खंडित होते. लोह व तांबे यांच्या आयनांना बांधून ठेवणे, हाही काही फिनॉलांच्या क्रियेचा एक मार्ग आहे.

मापनाच्या पद्धती : एकूण फिनॉले मोजण्याची सर्वाधिक रूढ रीत ओटो फोलिन व व्हिंटिला चोकाल्तेऊ यांनी १९२७ साली प्रसिद्ध केली व सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५ साली सुधारली. तीत विक्रियाकारकाचा पिवळा रंग पालटून जो निळा रंग येतो त्याची तीव्रता सुमारे ७६५ नॅनोमीटर तरंगलांबीस मोजून निष्कर्ष गॅलिक अम्लाच्या तुल्यांकात सांगतात. परंतु क जीवनसत्त्वासारखी अन्य क्षपणकारक द्रव्येही हाच रंग देतात, म्हणून आवळ्यासारख्या फळात हा आकडा केवळ फिनॉलांचा समजता येत नाही. अँथोसायनिन रंगद्रव्ये पीएच् १ ला गडद तांबडी, तर पीएच् ४.५ ला जवळजवळ विवर्ण होतात. या दोन स्थितींतील शोषणाच्या फरकावरून त्यांची राशी काढतात.

मूलकशमनाची क्षमता पाहण्यासाठी डीपीपीएच् या स्थिर मूलकाचा जांभळा विद्राव वापरण्याची रीत मार्स्डन ब्लॉइस यांनी १९५८ साली दिली. अर्क मिसळला की तो पिवळट होऊ लागतो व ५१७ नॅनोमीटरला शोषण घटते. निम्मे मूलक शमविण्यास लागणारी अर्काची मात्रा आयसी-५० या नावाने नोंदवितात. ती जितकी कमी तितका अर्क प्रभावी, हे न जाणणारा वाचक कोष्टकाचा नेमका उलटा अर्थ लावण्याचा संभव असतो. बेंझी व स्ट्रेन यांच्या १९९६ सालच्या फ्रॅप पद्धतीत फेरिक लोहाचे फेरस लोहात होणारे क्षपण ५९३ नॅनोमीटरला मोजतात, तर एबीटीएस् पद्धतीत निळसर हिरव्या धन मूलकाचे विवर्णन पाहतात. प्रत्येक पद्धतीची विक्रिया, माध्यम व अम्लता वेगळी असल्याने एका फळाचा एका पद्धतीत पहिला क्रम लागला, तरी दुसरीत तोच लागेल असे नाही. कोणते द्रव्य किती आहे हे नेमके सांगावयाचे असल्यास उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखनाचा आश्रय घ्यावा लागतो.

प्रमुख फळांचे रसायन : *आवळा* (फिलँथस एम्ब्लिका). राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९७१ च्या कोष्टकात याच्या १०० ग्रॅम गरात ६०० मिग्रॅ. क जीवनसत्त्व नोंदविले आहे. २०१७ साली त्याच संस्थेने प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकातील आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. झाडाझाडांतील भेद जसा अशा तफावतीस कारण होतो, तशीच पद्धतही होते. कारण जुन्या काळी रूढ असलेल्या रंजक-अनुमापनात आवळ्यातील टॅनिने ही तुरट द्रव्येही रंजकाचे क्षपण करू शकतात व त्यांची गणना जीवनसत्त्वात होण्याचा धोका राहतो. नवा आकडा धरूनही आवळा हा क जीवनसत्त्वाचा अत्यंत समृद्ध स्रोत ठरतो. गॅलिक अम्ल, एलॅजिक अम्ल व त्यांपासून बनणारी जलविच्छेद्य टॅनिने यांचा त्याच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेत मोठा वाटा आहे, आणि फिकट हिरव्या रंगाच्या या फळावरून हेही सिद्ध होते, की गडद रंग हा या क्षमतेचा एकमेव निकष नव्हे.

*कोकम* (गार्सिनिया इंडिका). याची साल, आतील आंबट गर व बी ही तीन सर्वस्वी भिन्न द्रव्ये आहेत. सालीचा तांबडा रंग सायनिडिनाच्या दोन ग्लायकोसाइडांमुळे येतो. गार्सिनॉल हे पिवळे, मेदविद्राव्य व प्रबळ प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यही सालीतच असते. कोकमाच्या प्रजातीतील वैशिष्ट्यपूर्ण हायड्रॉक्सिसायट्रिक अम्लाची ओळख म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन यांनी १९६५ साली, याच प्रजातीतील केरळच्या कुडमपुळी या फळावरील कामातून पटवून दिली. बियांपासून निघणारे कोकमतेल स्टिअरिक व ओलेइक अम्लांनी युक्त असून सामान्य तापमानास घट्ट राहते.

*जांभूळ* (सिझिजियम क्यूमिनी). गडद जांभळ्या रंगास डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन व माल्व्हिडिन यांची डायग्लुकोसाइडे कारण होत. ही रंगद्रव्ये मुख्यत्वे सालीत, तर एलॅजिक अम्ल व टॅनिने विपुल प्रमाणात बीत असतात. म्हणून बियांच्या अर्काची क्षमता गराहून पुष्कळ अधिक भरते. फळाचा तुरटपणा हा टॅनिनांचा लाळेतील प्रथिनांशी संयोग होऊन निर्माण होतो. मधुमेहात बियांचे चूर्ण देण्याचा प्रघात जुना आहे, तथापि त्याच्या भरवशावर वैद्यकीय उपचार सोडणे धोक्याचे आहे.

*करवंद* (कॅरिसा कंजेस्टा). पिकलेल्या फळात सायनिडिनाची ग्लायकोसाइडे व सेंद्रिय अम्ले, तर कच्च्यात भरपूर पेक्टिन असते. लोणचे व जेली यांसाठी म्हणूनच कच्ची वा अर्धपक्व फळे घेतात. अम्लतेमुळे त्यातील रंगद्रव्ये सरबतात काही काळ टिकून राहतात.

प्रक्रियेचे परिणाम : कोकमाची साल त्याच फळांच्या रसात पुनःपुन्हा भिजवून व उन्हात वाळवून आमसुले करतात. या कृतीने अम्ल व रंग सालीत एकवटतात, मात्र दीर्घकाळ ऊन व हवा लागल्यास रंगद्रव्यांचा काही अंश नाश पावतो आणि आमसूल काळवंडते. लोखंडी सुरीने चिरलेला आवळा काळा पडतो तो टॅनिनांचा लोहाशी संयोग झाल्याने. याच संयोगामुळे टॅनिनयुक्त फळे जेवणातील लोहाच्या शोषणास काही अंशी प्रतिबंध करतात, तर क जीवनसत्त्व त्यास साहाय्य करते. एकाच फळात ही परस्परविरुद्ध द्रव्ये नांदत असल्याने त्याचा परिणाम एका घटकाच्या आकड्यावरून वर्तविता येत नाही.

आकड्यांच्या मर्यादा : परीक्षानलिकेत सिद्ध झालेली क्षमता शरीरात त्याच प्रमाणात प्रकट होते असे मानण्यास आधार नाही. अँथोसायनिनांचा फार थोडा अंश मूळ रूपात रक्तात पोहोचतो. उरलेल्याचे आतड्यातील सूक्ष्मजीव रूपांतर करतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेचे आपले कोष्टक २०१२ साली मागे घेतले, ते हे आकडे मानवी आरोग्यावरील परिणामांचे द्योतक नाहीत व जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, या कारणास्तव. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तर बीटा कॅरोटिन या प्रतिऑक्सिडीकारकाच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला. यावरून फळे निरुपयोगी ठरत नाहीत. तंतू, खनिजे, अम्ले व शेकडो फिनॉले एकत्र असलेले अन्न एक गोष्ट, आणि त्यातून वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिलेले एखादे द्रव्य दुसरी, एवढाच त्याचा अर्थ होय.

जोपासना व हक्क : दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या कोकण अमृता व कोकण हातीस, जांभळाची कोकण बहाडोली आणि करवंदाची कोकण बोल्ड अशा निवडक जाती प्रसृत केल्या आहेत, सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. वनांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरील हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला असून, रानफळे वेचण्याची जुनी वहिवाट आता कायद्याच्या आधारावर उभी आहे. दुसऱ्या बाजूस वणवे, डोंगरउतारांचे सपाटीकरण व करवंदीच्या जाळ्यांची तोड यांमुळे फळझाडांतील नैसर्गिक विविधता घटत आहे. एकाच जातीच्या झाडाझाडांतील रासायनिक भेद हीच भावी निवडीची सामग्री असल्याने, विश्लेषण होण्यापूर्वीच नष्ट झालेल्या झाडाबरोबर त्याच्या गुणांची शक्यताही कायमची लोपते. याकरिता प्रत्येक आकड्यापुढे स्थळ, पक्वता, फळाचा भाग, ताज्या अथवा शुष्क वजनाचा आधार व पद्धत यांची नोंद ठेवणे, आणि ज्यांनी ही झाडे ओळखून राखली त्या वनवासी कुटुंबांच्या माहितीस त्या नोंदीत त्यांच्या श्रेयासह स्थान देणे, हे या विषयावरील संशोधनाचे प्राथमिक कर्तव्य होय.