परिबल : तरफ आणि दंतचक्रे

बलामुळे वस्तू आसाभोवती फिरू पाहते. या परिणामाचे माप म्हणजे परिबल. आसापासून बलाच्या क्रियारेषेपर्यंतच्या लंब अंतराने बलाला गुणले की ते मिळते. एकक न्यूटन-मीटर. (ज्यूलही न्यूटन गुणिले मीटरच, पण तो ऊर्जेसाठी राखलेला आहे.)

टेकूभोवती दोन्ही बाजूंची परिबले सारखी असली की तरफ तोलून राहते. हा नियम इ. स. पू. तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने भूमितीच्या आधारे मांडला. अडकित्त्यात सुपारी बिजागरीलगत सरकवली की कमी जोरात फुटते, कारण सुपारीचे अंतर घटते, हाताचे तेवढेच राहते.

दंतचक्रांत भिडलेले दाते एकमेकांवर सारखेच बल लावतात, पण त्रिज्या वेगळ्या असल्याने परिबले वेगळी होतात. मोठ्या चक्राला परिबल जास्त, फेरे कमी. थेट भिडलेली चक्रे उलट दिशांना फिरतात, साखळीने जोडलेली एकाच दिशेने. त्रिज्या मोजायचीही गरज नसते. दाते मोजले की हिशेब होतो.

सायकलीत तरफ आणि दंतचक्र दोन्ही आहेत. १७ सेंमी लांबीची क्रँक आडवी असताना पायडलवर ३०० न्यूटन जोर सरळ खाली दिला, तर परिबल ५१ न्यूटन-मीटर. तीच क्रँक उभी असताना तोच जोर आसातूनच जातो आणि परिबल शून्य होते. म्हणून चढावर पाय नेमका तिथे अडतो. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर मागच्या चाकाला सुमारे २१ न्यूटन-मीटर मिळतात. चाकाची त्रिज्या ३५ सेंमी धरली, तर रस्त्यावर ढकलणारे बल उरते जेमतेम ६० न्यूटन. म्हणजे साधी सायकल जोर वाढवत नाही, पाचपटीने कमी करते! मोबदल्यात अंतर मिळते: पायडलच्या एका फेऱ्यात पाऊल साधारण १.०७ मीटर फिरते, सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हा सौदा फायद्याचा.

घाटात तो अंगाशी येतो. स्वारासह ८० किलोची सायकल दहा मीटरला एक मीटर चढवायची, तर घर्षण सोडूनही सुमारे ७८ न्यूटन लागतात. मग माणूस सीटवरून उठून सगळे वजन पायडलवर टाकतो. गिअरच्या सायकलीत पुढे-मागे २८-२८ दाते घेतले, की त्याच ३०० न्यूटनमधून जवळजवळ १४६ न्यूटन मिळतात, मात्र एका फेऱ्यात सायकल २.२ मीटरच सरकते.