रुप्याची पट्टी आणि लाकडी मोगरी

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर अरुंद उभी शिडं, मागे सुकाणूची वल्ही आणि एका बाजूला ओळीनं मांडलेले रांजण. लेण्यांच्या भरभराटीचा हा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या राजवटीतला मानतात. त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख सोळाव्या लेण्यात आहे. या हरिषेणाची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आजचं आमचं वाशीम. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या मातीच्या पठारावर. तरी त्या राज्यातल्या चित्रकाराला जहाज नीट ठाऊक होतं.

अभ्यासक या चित्रात पूर्णाची कथा ओळखतात. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. पुढे तो बौद्ध भिक्षू झाला. त्याच्या भावाचं चंदन आणायला गेलेलं जहाज वादळात सापडतं, आणि पूर्ण येऊन ते वाचवतो. कथेत जहाज चमत्कारानं तरतं. प्रत्यक्षात मात्र लाकडी जहाज तरतं ते दरवर्षी किनाऱ्यावर ओढून केलेल्या डागडुजीनं. हे काम कुठल्याही भिंतीवर रंगवलेलं नाही. जहाज कुणी बांधलं, कुणी लढवलं, कुणी बुडवलं हे इतिहासात सापडतं. ते दुरुस्त कुणी केलं आणि कशानं केलं, हे फार क्वचित.

लाकडाला समुद्रात शत्रू पुष्कळ. सर्वांत वाईट टेरेडो. दिसतो किड्यासारखा, पण तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी. डोक्याकडच्या दोन बारीक शिंपांनी तो लाकूड किसत आत शिरतो. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत फळीची चाळण झालेली असते. दुसरा शत्रू ऊन. पाण्यावरच्या फळ्या उन्हानं आकसतात, पाण्याखालच्या फुगतात आणि सांधे उघडतात. तिसरा शत्रू खुद्द लाट. ती जहाजाला सतत पिळत असते, त्यामुळे खिळे सैल होतात.

म्हणून जुनी होडी हाती आली की पहिलं हत्यार लागतं ते साधी हातोडी, आणि तीही ठोकायला नाही, ऐकायला. निरोगी फळी टणक वाजते, आतून पोखरलेली भद्द वाजते. संशय आला की टोचा खुपसून पाहायचा. तो सहज आत गेला तर फळी बदलायची. मग वाकस येतो. कुदळीसारखं आडवं पातं असलेलं हे सुतारी हत्यार होडीच्या कामात करवतीइतकंच मोलाचं, कारण होडीत सरळ रेष जवळजवळ नसतेच. जुन्या फळीच्या जागी नवी बसवायची तर ती शेजारच्या दोन फळ्यांच्या बाकाला जुळेपर्यंत थोडी थोडी तासत न्यावी लागते. दोरीनं फिरवायच्या सामत्यानं आधी भोक पाडायचं, नाहीतर खिळ्यानं फळी तडकते. खिळ्याच्या माथ्याखाली तेलात भिजवलेला कापूस गुंडाळायचा, म्हणजे त्या वाटेनंही पाणी येत नाही.

खरी कसोटी यापुढे आहे. फळ्यांमधल्या फटीतलं जुनं, कुजलेलं भरण आकड्यानं खरवडून काढायचं. कापसाची वात वळून, बोथट धारेची छन्नी तिच्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ती फटीत ठासायची. कमी ठासली तर पाणी येतं. जास्त ठासली तर फुगलेला कापूस फळ्याच एकमेकींपासून दूर लोटतो. किती ठासायचं हे मोजता येत नाही, ते मोगरीच्या आवाजावरून आणि मनगटाला बसणाऱ्या हिसक्यावरून कळतं. वर राळ आणि तेलाचा लेप, पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेल. वऱ्हाडात कापूस म्हणजे वर्षाचं पीक, बाजारभाव आणि कर्ज. किनाऱ्यावर तोच कापूस समुद्र बाहेर ठेवणारी वस्तू आहे.

हे काम करायला होडी पाण्याबाहेर हवी, आणि इथून डागडुजीचा संबंध थेट सत्तेशी येतो. कोकणात हे वेळापत्रक पावसानं ठरवलं. पावसाळा तोंडावर आला की उधाणाच्या भरतीला होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटायच्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लढाईइतकीच काळजी या मुक्कामाची दिसते. पावसाळ्याआधी आरमार किल्ल्याच्या आश्रयानं बंदरात न्यावं, दरवर्षी एकाच बंदरी छावणी करू नये, जहाजांसाठी सागवान परवानगीनं तोडावं, रयतेच्या आंबा-फणसाला मात्र हात लावू नये. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथे जहाजबांधणी सुरू केली. तेव्हा हाताशी आलेले पोर्तुगीज कारागीर थोड्याच दिवसांत काम सोडून निघून गेले. लाकूड राज्यात होतं, बंदर होतं. कारागिराचा हात मात्र असा निघून जाऊ शकतो, हा धडा आरमाराला जन्मापासूनच मिळाला.

विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये इथे मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते. सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद जागा, काही भाग कातळ फोडून केलेला. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि पाणी ओसरलं की तळाचं काम सुरू करायचं. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे एकत्र आले, तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गापाशी जळालं. ही घटना पाठ्यपुस्तकात असते. त्या आरमाराला वर्षानुवर्षं पाण्यावर ठेवणारी अशी गोदी मात्र पाठ्यपुस्तकात नसते.

मुंबईत तोवर वेगळी गोष्ट घडली होती. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना बोलावलं. १७५० च्या सुमारास मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. तिचे दरवाजे बंद करून पाणी काढलं की मोठ्या युद्धनौकेचा तळही उघडा पडायचा. तळ दुरुस्त करायला जहाज परत इंग्लंडला धाडायचं म्हणजे कित्येक महिने ते लढाईतून बाद. तो प्रवास वाचल्यामुळे इंग्रजांचं आरमार या समुद्रात टिकून राहू शकलं. नंतर इथे बांधलेल्या जहाजांची कीर्ती मोठी झाली, पण मुंबईच्या गोदीचं लष्करी मोल आधी दुरुस्तीत होतं.

याच घराण्यातल्या जमशेदजी बमनजींनी मुंबईत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. मलबारी सागवानाचा गुण त्यात आहेच. ओकच्या लाकडातल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागातलं तेल उलट त्यांना जपतं. पण निव्वळ सागामुळे दोनशे वर्षं निघत नाहीत. २००१ मध्ये त्या जहाजाचं मोठं पुनरुज्जीवन पूर्ण झालं, तेव्हा निम्म्याहून अधिक मूळ लाकूड टिकून होतं आणि उरलेलं बदलणारे हात उपलब्ध होते.

जमशेदजींचं चित्र ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. त्यात त्यांच्या कमरेला रुप्याची मोजपट्टी खोचलेली दिसते. ती कंपनीनं दिलेला सन्मान होता. मोजपट्टी हे आराखड्याचं हत्यार, म्हणून ते चित्रात आलं. फटीत कापूस ठासणाऱ्याची मोगरी कुणी रुप्यात घडवली नाही, आणि गोदीतल्या त्या शेकडो माणसांची चित्रंही कुणी काढली नाहीत.

अजिंठ्याचं ते जहाज अलीकडे पुन्हा समुद्रावर आलं. पाचव्या शतकातल्या त्या चित्रावरून भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’ गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. डिसेंबरअखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. चित्रातून फक्त बाह्य आकार मिळत होता. त्याचा तोल आणि पाण्यातली वागणूक मद्रास आयआयटीत तपासावी लागली. फळ्या एकमेकींना कशा धरून राहतात, हे चित्रकारानं दाखवलंच नव्हतं. त्या काथ्याच्या दोरीनं शिवायच्या, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होतं असे केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली कामाला आले, तेव्हा चित्राचं जहाज झालं. ते हात नसते, तर दीड हजार वर्षं जपलेलं चित्र हाताशी असूनही जहाज तरंगलं नसतं.

कोकणातल्या बंदरांत आज लाकडी होड्यांवर फायबरचा थर चढवतात. मासेमारीबंदीच्या १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत आटपणारं ते काम आहे आणि मच्छीमाराला परवडतं. त्यानं ते करू नये असं सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. मात्र फायबर चढला की फटीत कापूस ठासायची गरज संपते, आणि गरज संपली की मोगरीचा आवाज ओळखणारा कानही एका पिढीत संपतो. आज हे काम येणारी माणसं आहेत. त्यांची हत्यारं, त्या हत्यारांची गावोगावची नावं आणि वात किती ठासायची याचा त्यांचा अंदाज नोंदवायला कोरीव लेणं लागत नाही. साधा फोन आणि त्यांच्या शेजारी बसायला एक पावसाळा पुरेसा आहे.